अनेक दिवसांची डोंगरातली ट्रेल रेस: तयारी, प्रवास आणि रोज सकाळी परत उभं राहणं

एका दिवसाची अल्ट्रा (मॅरेथॉनपेक्षा लांबची रेस) धावलेल्या माणसाला स्टेज रेसचा, म्हणजे रोज एक टप्पा धावायच्या रेसचा, फॉर्म भरताना हमखास वाटतं की रोजचं अंतर तर कमीच आहे, ३५-४० किलोमीटर, आपण एका दमात ८० केलेत मग यात काय एवढं. आणि मग तिसऱ्या दिवशी सकाळी टेंटमधून बाहेर येताना मांड्या वाकत नाहीत, टाच टेकवत नाही, घास घशाखाली उतरत नाही आणि समोर परत १८०० मीटरचा चढ उभा असतो. स्टेज रेसची खरी परीक्षा आज फिनिश केल्यापासून उद्याच्या स्टार्टपर्यंतच्या बारा-पंधरा तासांत असते. म्हणून ट्रेनिंग असो, बॅग भरणं असो, प्रवास असो की पहिल्या दिवसाचा पेस (धावण्याचा वेग), प्रत्येक ठिकाणी एवढंच बघायचं की याने मला उद्या सकाळी धावता येणार आहे की नाही. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलंय.

आधी रेस नीट समजून घ्या

मल्टी-डे रेस म्हणजे सगळ्या एकसारख्या नसतात, आणि इथे गोंधळ झाला तर पुढची सगळी तयारी भलत्याच दिशेला जाते. एक प्रकार नॉन-स्टॉप. इटलीतल्या आओस्ता खोऱ्यातली टोर दे जेआँ घ्या, ३३० किलोमीटर, जवळपास २४,००० मीटर चढ आणि १५० तासांचा कट-ऑफ (संपवायची कमाल वेळ), घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही, झोपायचं कधी आणि किती हे तुमचं तुम्ही ठरवायचं. दुसरा प्रकार स्टेज रेस, रोज स्टार्ट, रोज फिनिश, मध्ये रात्र. आल्प्समधली ट्रान्सअल्पाइन रन २००५ पासून होतेय आणि ती दोघांच्या टीमने धावायची म्हणून प्रसिद्ध झाली. वेल्समधली ड्रॅगन्स बॅक पहिल्यांदा १९९२ मध्ये झाली आणि आता ती सहा दिवसांत कॉनवीच्या किल्ल्यापासून कार्डिफच्या किल्ल्यापर्यंत साधारण ३८० किलोमीटर जाते, त्यात बऱ्याच ठिकाणी वाट तुमची तुम्हालाच शोधायची असते. तिसरा प्रकार म्हणजे स्वतःचं जेवण स्वतःच्या पाठीवर. सहारातली मॅरेथॉन दे साब्ल डोंगरातली नाही पण उदाहरण म्हणून चांगली आहे, तिथे रोजच्या किमान २,००० कॅलरी तुमच्याकडे असायलाच लागतात आणि ते सगळं ओझं घेऊन धावायचं.

पहिलीच वेळ असेल तर माझं स्पष्ट मत आहे की ड्रॉप बॅग (तुमच्या बाकी सामानाची बॅग) पुढच्या कॅम्पला नेऊन देणारी, मार्किंग केलेली, रोज रात्री जेवण देणारी स्टेज रेस निवडा. नॉन-स्टॉपमध्ये झोप न होण्याचा जो भाग आहे तो वेगळाच विषय आहे, तो नंतर कधीतरी.

रेस ठरली की प्रत्येक स्टेजचा प्रोफाइल (चढ-उताराचा आलेख) काढून कागदावर मांडा. नुसते किलोमीटर बघू नका. ट्रेल रनिंगमध्ये सरळ हिशोब वापरतात, दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. म्हणजे ३२ किलोमीटर आणि २,२०० मीटर चढ असलेली स्टेज तुमच्या शरीराला ५४ किलोमीटरसारखी पडणार. हे रोजचं मांडलं की लक्षात येतं की ज्या दिवशी अंतर सगळ्यात कमी दिसत होतं तोच दिवस सगळ्यात जड आहे.

मग कट-ऑफ तपासा. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा दिला होता, साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि वर प्रत्येक ६०० मीटर चढाला आणखी एक तास. वरच्याच स्टेजला लावून बघा, ३२ किलोमीटरचे जवळपास साडेसहा तास आणि चढाचे साडेतीनच्या थोडे वर, म्हणजे दहा तासांच्या जरा वर, तेही वाटेत न थांबता. कट-ऑफ दहा तासांचा असेल तर फक्त भराभर चालून तुम्ही सुटणार नाही, कुठेतरी धावावं लागेल, आणि ते उतारावर आणि सपाटीवर धावावं लागेल. मधल्या चेकपॉइंटचे कट-ऑफ पण बघा, ते शेवटच्यापेक्षा कडक असू शकतात. आणि एखाद्या दिवशी कट-ऑफ हुकला तर काय होतं हे नियमात शोधून ठेवा, काही रेस दुसऱ्या दिवशी रँकिंगशिवाय धावू देतात, काही थेट घरी पाठवतात.

कागदपत्रांचं काम इथेच सुरू करायचं. काही देशांत मेडिकल सर्टिफिकेट लागतं (इटलीत याबाबतीत कडक आहेत), ते ठराविक फॉरमॅटमध्येच आणि ठराविक मुदतीतलं लागतं. जिथे व्हिसा लागतो तिथे वेळेचं गणित आधी करा, शेंगेन व्हिसाचा अर्ज जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. इन्शुरन्स घेताना पॉलिसीत दोन गोष्टी शब्दशः शोधा, डोंगरातली धावण्याची स्पर्धा कव्हर होते का आणि हेलिकॉप्टर रेस्क्यू आहे का, आणि किती उंचीपर्यंत. बऱ्याच साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत स्पर्धा हा शब्दच अपवादांच्या यादीत असतो.

ट्रेनिंग: दुसऱ्या दिवशीचं धावणं शिकायचं

तुम्ही आत्ता ४०-५० किलोमीटरची ट्रेल रेस व्यवस्थित संपवू शकत असाल तर पाच-सहा महिने पुरेसे आहेत. त्याहून कमी अनुभव असेल तर वर्षभर द्या, घाई करण्यात काही अर्थ नाही.

आठवड्यातले चार-पाच रन, त्यातले बहुतेक एवढे सावकाश की पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हा पाया. त्यावर सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅक-टू-बॅक. शनिवारी चार-पाच तास डोंगरात, रविवारी परत तीन-चार तास. यातला रविवारचा रन खरा. पहिली वीस मिनिटं पाय लाकडासारखे असतात, वाटतं आज होणारच नाही, आणि मग हळूहळू अंग मोकळं होत जातं, हे शरीराला आणि डोक्याला दोघांनाही अनुभवाने कळायला लागतं. रेसच्या चार-पाच आठवडे आधी एकदा सलग तीन दिवसांचा ब्लॉक करा, आणि त्यात फक्त धावू नका, धावून आल्यावर लगेच खाणं, पाय बघणं, दुसऱ्या दिवशीची बॅग रात्रीच भरणं, लवकर झोपणं, सगळं रेससारखं करा. त्यानंतर आठवडाभर आराम.

आता उतार. लोक चढाची भीती बाळगतात आणि उतार फुकटचा समजतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे पाय जातात ते उतारामुळे. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन धरून ठेवत असतो, त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात आणि दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त होतं. म्हणजे पहिल्या दिवशीच्या उताराचं बिल बरोबर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. चांगली गोष्ट अशी की हा मार एकदा नीट बसला की पुढचे काही आठवडे तोच मार कमी लागतो. म्हणून रेसच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत दर आठवड्या-दहा दिवसांनी एक जोरदार उताराचं सेशन ठेवायचं, लहान पावलं, जलद पावलं, शरीर मागे न झुकवता, नजर चार-पाच मीटर पुढे. शेवटचं मोठं उताराचं सेशन रेसच्या दोन-अडीच आठवडे आधी, त्यानंतर नाही.

जवळ डोंगर नाही अशांना चढासाठी ट्रेडमिल १२-१५ टक्क्यांवर लावून चालता येतं, पण उताराला पर्याय शोधावा लागतो. उंच इमारतीचे जिने लिफ्टने वर आणि पायी खाली, किंवा पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय अगदी सावकाश, तीन-चार सेकंद घेत खाली टेकवणं, आठवड्यातून दोनदा. कंटाळवाणं आहे पण काम करतं.

चढावर चालायची वेगळी प्रॅक्टिस करा. स्टेज रेसमधला मोठा वेळ भराभर चालण्यात जातो आणि इथे पोल्स (हातात धरायच्या काठ्या) वापरणारे आणि न वापरणारे यात तिसऱ्या दिवशी फरक दिसायला लागतो. पण पोल्स रेसच्या आदल्या महिन्यात घेऊन जमत नाही, खांदे आणि दंड त्याला तयार नसतात, आणि धावता धावता घडी करून बॅगेला लावणं हेसुद्धा हाताच्या सवयीचं काम आहे.

पोटाचं ट्रेनिंग बहुतेक जण विसरतात. तासाला ६० ग्रॅम कार्ब हा चांगला आकडा आहे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मिळून घेतलं तर ९० पर्यंतही जाता येतं, पण सवय नसताना एकदम घेतलं तर पोट उलटतं. लांब रनला ४० पासून सुरू करून हळूहळू वाढवा, आणि एड स्टेशनला (वाटेतल्या खाण्या-पिण्याच्या थांब्याला) काय मिळणारे हे आधी बघून त्याच गोष्टी खाऊन बघा. गोड जेल दोन दिवस चालतात, चौथ्या दिवशी वासही नको होतो, तेव्हा मीठ लावलेला उकडलेला बटाटा, ब्रेड, सूप, असं काहीतरी खारट पोटाला चालतं का हे आधी माहीत हवं.

शेवटचे दोन-अडीच आठवडे टेपर. धावण्याचे तास निम्म्यावर आणायचे आणि झोप वाढवायची.

उंचीचं गणित

रेस २,५०० मीटरच्या खालीच असेल तर हा भाग वरवर वाचला तरी चालेल. त्याच्या वर मात्र नीट लक्ष द्या. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही त्याच प्रमाणात कमी, आणि तुमचा नेहमीचा पेस तिथे चालत नाही. नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. दिवसा वर जाऊन आलात तर चालतं, रात्र कुठे काढताय ते महत्त्वाचं.

रक्तातले खरे बदल व्हायला कित्येक आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवस आधी पोचून तुम्ही वेगवान होणार नाही, पण डोकेदुखी-मळमळीचा त्रास कमी होतो आणि झोप लागायला लागते, तेवढ्यासाठी ते चार दिवस द्यायचे. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं, बसल्या जागी दम लागणं यातलं काहीही दिसलं तर खाली उतरायचं, रेस सोडून, रात्र असली तरी. अ‍ॅसिटाझोलामाइड या उंचीच्या त्रासावरच्या गोळीबद्दल डॉक्टरशी बोलून, घरी एकदा घेऊन बघूनच ठरवा, मित्राने दिली म्हणून नको.

सामान

कंपल्सरी किटची यादी आली की लोक वजनाच्या मागे लागतात, सगळ्यात पातळ जॅकेट, सगळ्यात छोटा टॉर्च. मी इथे खूप आग्रही आहे. २२ मे २०२१ ला चीनमधल्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी रेसमध्ये अचानक गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा आला आणि २१ धावपटू गेले, त्यात देशातले अव्वल अल्ट्रा रनरही होते. बरेच जण शॉर्ट्स आणि पातळ टी-शर्टवर होते. धावणारा माणूस घामाने ओला असतो, थांबला की शरीर उष्णता तयार करणं कमी करतं, आणि ओल्या कपड्यातून वारा जे काही ओढून घेतो ते भयंकर असतं. दर १,००० मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खोऱ्यात १८ अंश असताना १,५०० मीटर वरच्या खिंडीत ८ अंश असतात, आणि वारा वेगळाच. त्यामुळे जॅकेट १०,००० मिलिमीटर वॉटरप्रूफ रेटिंगचं, शिवणी टेप केलेल्या, हूड असलेलं, आणि एक कोरडा गरम लेयर झिप पाउचमध्ये बंद, यात काटकसर करू नका. हातमोजे वॉटरप्रूफ घ्या, बोटं गारठली की जॅकेटची चेन लावता येत नाही, जेलचं पाकीट फाडता येत नाही आणि तिथून गोष्टी पटापट बिघडत जातात.

बुटांच्या दोन जोड्या, दोन्ही वापरलेल्या, आणि त्यातली एक तरी अर्ध्या नंबरने मोठी. रोज धावून पाय सुजतात, चौथ्या दिवशी नेहमीचा बूट बोटांना चेपायला लागतो. ग्रिपच्या बाबतीत ओल्या खडकावर काय होतं ते घरीच तपासा, घसाऱ्यावर बहुतेक बूट बरे चालतात पण ओल्या खडकावर फरक पडतो. मोजे रोज एक जोडी याप्रमाणे, वर एक.

ड्रॉप बॅग भरायची माझी पद्धत सांगते, फार वेळ वाचतो. प्रत्येक दिवसाची एक मोठी झिप पिशवी, त्यावर मार्करने दिवसाचा आकडा. आत त्या दिवसाचे मोजे, शॉर्ट्स, टी-शर्ट, त्या दिवसाचे जेल आणि पावडर मोजून, आणि टेपचे दोन-तीन आधीच कापून कोपरे गोल केलेले तुकडे. पहाटे साडेचारला हेडलॅम्पच्या उजेडात, हात थंड असताना, शेजारी कोणीतरी अजून झोपलेलं असताना अख्खी बॅग उपसावी लागत नाही, पिशवी ओढली की झालं. वापरलेले ओले कपडे त्याच पिशवीत परत बंद. बॅगेच्या सगळ्यात वर वेगळी फिनिशनंतरची पिशवी, त्यात चपला, कोरडे कपडे, टॉवेल, खायचं काहीतरी. इअरप्लग विसरू नका, टेंट कॅम्पमध्ये कोणी घोरणारा नसला तरी चेन उघडण्या-मिटण्याचे आवाज रात्रभर चालू असतात. बॅगेचं वजन आयोजक खरंच मोजतात, घरीच काट्यावर ठेवून बघा.

प्रवास

विमानाने जाताना बूट आणि जॅकेट केबिन बॅगेत, किंवा सरळ अंगावर-पायात. चेक-इन बॅग हरवली तर बाकीचं सगळं रेसच्या गावात विकत किंवा उसनं मिळू शकतं, पायाला सरावलेला बूट नाही मिळत. पोल्स मात्र बऱ्याच ठिकाणी केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ते चेक-इनमध्ये टाका. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या याच्या बरोबर उलट, त्या फक्त केबिनमध्ये, आणि १०० वॉट-अवरपर्यंत, म्हणजे साधारण २७,००० एमएएच. गॅसचा कॅनिस्टर विमानात कुठेच चालत नाही. पांढरी पावडर साध्या पिशवीत भरून नेऊ नका, मूळ पाकिटातच ठेवा, उगाच सिक्युरिटीला चौकशा होतात.

किती दिवस आधी पोचायचं? टाइम झोन बदलत असेल तर ढोबळ हिशोब एका तासाच्या फरकाला एक दिवस, आणि पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो. एवढी सुट्टी कोणालाच मिळत नाही, म्हणून निघायच्या तीन-चार दिवस आधीपासून झोपायची वेळ रोज तासभर सरकवत न्यायची. किमान तीन रात्री रेसच्या भागात काढा. पोचल्यावर पहिल्या दिवशी नुसतं फिरा, दुसऱ्या दिवशी तासभर हलकं जॉगिंग, आणि पहिल्या स्टेजची सुरुवातीची वाट दोन किलोमीटर तरी बघून या. सगळे स्टार्टला एका अरुंद पायवाटेवर गर्दी करणार असतील तर ते आधी कळलेलं बरं.

स्टेज रेस बहुतेक वेळा एका गावात सुरू होऊन दुसऱ्याच गावात संपते, आणि इथे लोक अडकतात. मोठी सूटकेस कुठे ठेवणार? शेवटच्या गावातून परत यायची बस आयोजकांची आहे का, किती वाजता, तिचं वेगळं बुकिंग करावं लागतं का? मी शक्यतो फिनिशच्या गावातल्या हॉटेलात आधी सामान पोचवण्याची सोय बघते आणि रेस संपल्यावरच्या किमान दोन रात्री तिथेच ठेवते, कारण शेवटच्या संध्याकाळी सुजलेल्या पायांनी सूटकेस ओढत स्टेशन गाठणं ही शिक्षा आहे. रेस सीमा ओलांडून जाणार असेल तर पासपोर्ट धावायच्या बॅगेतच ठेवावा लागतो, वॉटरप्रूफ पाउचमध्ये, आणि त्याचा फोटो फोनमध्ये. थोडी स्थानिक रोकड पण त्याच पाउचमध्ये, डोंगरातल्या छोट्या हटमध्ये कार्ड चालेलच असं नाही.

फोनमध्ये सगळ्या स्टेजचे जीपीएक्स ट्रॅक (वाटेच्या जीपीएस फाइली) आणि ऑफलाइन मॅप घरूनच भरून घ्या, कॅम्पच्या नेटवर्कवर अवलंबून राहू नका. युरोपात इमर्जन्सीचा नंबर ११२ आहे. शिट्टीचा आंतरराष्ट्रीय इशारा मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून परत सहा, उत्तर तीन शिट्ट्यांचं येतं.

रेसचे दिवस

पहिला दिवस सगळ्यात धोक्याचा, कारण पाय ताजे असतात आणि आजूबाजूचे सगळे पळत सुटतात. चढावर श्वास एवढाच वाढू द्या की शेजाऱ्याशी दोन-तीन शब्दांपेक्षा जास्त बोलता येईल. उतारावर तर अजून जास्त लगाम, पहिल्या दिवशी उतारावर कमावलेली दहा मिनिटं तिसऱ्या दिवशी तासाने परत करावी लागतात. स्टेज संपल्यावर अजून तासभर जाऊ शकलो असतो असं वाटलं पाहिजे, तर पेस बरोबर होता.

पाणी तहानेप्रमाणे. जास्त पाणी पिणं सुरक्षित असतं हा समज अजूनही पक्का आहे, पण २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्के लोकांचं सोडियम सामान्य पातळीच्या खाली गेलेलं सापडलं, आणि ज्यांचं वजन धावताना वाढलं होतं त्यांना हा धोका जास्त होता. बोटं फुगणं, अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, मळमळ आणि पोटात पाणी डुचमळणं अशी लक्षणं एकत्र दिसली तर आणखी पाणी पिऊ नका, मेडिकल टीमला गाठा. आणि पेनकिलर, विशेषतः आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, धावताना नाहीत. किडनीवर आधीच ताण असतो. लघवी कोलासारखी गडद झाली तर त्या क्षणी डॉक्टर.

पायाला कुठेतरी गरम-गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं की तिथल्या तिथे थांबायचं. पुढच्या एड स्टेशनला बघू म्हणायचं नाही, त्या चार किलोमीटरमध्ये फोड तयार होतो. बूट काढा, वाळू झटका, जागा कोरडी करा, टेप लावा, मोजा सुरकुती न पडता चढवा. चार-पाच मिनिटं जातात आणि पुढचे तीन दिवस वाचतात.

उन्हाळ्यात उंच डोंगरात दुपारनंतर वादळं जास्त येतात, म्हणून स्टार्ट पहाटे असतात. ढगांचा गडगडाट ऐकू यायला लागला की धारेवर राहायचं नाही, खिंडीत थांबायचं नाही, एकट्या झाडाखाली तर अजिबातच नाही, शक्य तेवढं खाली उतरायचं, आणि आयोजकांनी रेस थांबवली तर वाद घालायचा नाही.

फिनिशनंतरचा क्रम पाठ करून ठेवा कारण तेव्हा डोकं चालत नसतं आणि समोर गवत दिसतं म्हणून माणूस आडवा होतो. आधी खाणं, अर्ध्या तासाच्या आत, पहिल्या तीन-चार तासांत दर तासाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण एक ग्रॅम कार्ब आणि त्यात २०-२५ ग्रॅम प्रोटीन एकदा-दोनदा. मग ओले कपडे बदलणं, उन्हात असलात तरी. मग आंघोळ किंवा ओढ्याच्या थंड पाण्यात दहा मिनिटं पाय, मग पाय पूर्ण कोरडे करून प्रत्येक बोटाच्या मधली जागा बघणं. फोड ताणलेला आणि दुखणारा असेल तर स्वच्छ सुईने कडेला दोन छोटी छिद्रं पाडून पाणी काढा, वरची कातडी ओढून काढू नका, तीच सगळ्यात चांगलं ड्रेसिंग आहे. मग उद्याची बॅग भरणं, बाटल्या धुणं, घड्याळ-फोन-हेडलॅम्प चार्जिंगला. हे सगळं संपलं की पाय वर करून पडा, जेवण, ब्रीफिंग, परत थोडं जेवण, आणि नऊच्या आत झोप. झोप नाही लागली तरी पडून राहा, रेसमध्ये तुकड्या-तुकड्यातली झोप सगळ्यांचीच असते.

हात धुण्याबद्दल वेगळं लिहितेय कारण कॅम्पमध्ये पोट बिघडलं तर रेस संपते. एड स्टेशनला सगळे घामट हात त्याच बाउलमध्ये घालत असतात. सॅनिटायझर पुढच्या खिशात ठेवा, पण पोटाच्या काही विषाणूंवर तो नीट चालत नाही, त्यामुळे साबण-पाणी मिळेल तिथे साबण-पाणीच. दुसऱ्याची बाटली तोंडाला लावायची नाही, ओढ्याचं पाणी फिल्टरशिवाय नाही.

तिसरा दिवस बहुतेकांना सगळ्यात वाईट जातो आणि त्यानंतर विचित्र वाटेल पण शरीर जुळवून घेतं, चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी पाय पूर्वीपेक्षा लवकर मोकळे होतात. म्हणून तिसऱ्या दिवशीच्या सकाळी रेस सोडायचा निर्णय घेऊ नका, पहिल्या एड स्टेशनपर्यंत जा आणि मग ठरवा. पण सगळीकडे पसरलेलं दुखणं आणि एका जागेचं दुखणं यात फरक करायला शिका. हाडावर एका बोटाने दाखवता येईल असं, प्रत्येक पावलागणिक वाढणारं दुखणं असेल तर थांबायचं. नडगीच्या खाली, घोट्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवून पंजा वर-खाली केला आणि बोटाखाली कोरडी कुरकुर जाणवली तर तो टेंडन सुजलाय, अनेक दिवसांच्या रेसमध्ये हे वारंवार होतं. बुटाची नाडी वरच्या दोन छिद्रांत सैल करा, घोट्यावर बांधलेला टाइमिंग चिपचा पट्टा किंवा गेटर (बुटात खडे जाऊ नयेत म्हणून घोट्यावर घालायचं कव्हर) दाबत असेल तर हलवा, बर्फ किंवा थंड पाणी, आणि उतार चालत. तरीही वाढलं तर मेडिकल टेंट.

संपल्यावर

शेवटच्या फिनिशनंतर दोन-तीन दिवस पाऊल आणि घोटे सुजलेले राहतात, त्यामुळे परतीच्या विमानासाठी सैल बूट किंवा सँडल ठेवा, दर तासा-दीड तासाला उठून चाला, कम्प्रेशन मोजे घाला. एकाच पोटरीत सूज, गरमपणा आणि दुखणं असेल तर त्याला रेसचं दुखणं समजून सोडू नका, डॉक्टरला दाखवा, लांबच्या बसण्याने रक्ताची गुठळी होऊ शकते.

दोन आठवडे धावणं बंद, चालणं-पोहणं चालेल, भूक लागेल तेवढं खा आणि आठ-नऊ तास झोपा. पाय सहा-सात दिवसांतच बरे वाटायला लागतात पण आतले टेंडन आणि हाडं त्या वेगाने सावरत नाहीत, आणि नेमकं तेव्हाच पुढच्या रेसची नोंदणी उघडलेली असते. फॉर्म भरायचा तर भरा, धावायला मात्र तिसऱ्या आठवड्यात, सपाट रस्त्यावर, अर्ध्या तासाने सुरुवात करा. काळी पडलेली नखं ओढू नका, खालून नवीन नख आलं की ती आपोआप सुटतात, तोवर त्यावर टेप लावून मोजा घाला.